मातीचं चर्च, गावाचे हात

वाचनपाठ : स्तर ४

वाचण्याआधी

सुट्टीत भारतात गेलात, तर आजोळच्या गावातलं देऊळ तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या भिंतीवर बहुतेक वेळा एक संगमरवरी पाटी असते. तिच्यावर नावं आणि आकडे कोरलेले असतात. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ पाचशे एक रुपये दिलेले, कुणी फरशीचा खर्च केलेला, कुणी घंटा दिलेली. ही पाटी वाचायला सहसा कुणी थांबत नाही. पण देऊळ कसं उभं राहिलं, हे तीच सांगते.

आजचा पाठ मात्र महाराष्ट्रातल्या देवळांवर नाही. तो अमेरिकेतल्या काही खेड्यांमधल्या मातीच्या चर्चवर आहे. वाचताना तीन प्रश्न मनात ठेवा : चर्च कुणी बांधलं? आतली चित्रं कुणी काढली, आणि त्यांचा खर्च कुणी केला? आणि हे सगळं आज कोण सांभाळतं?

पहिल्या वाचनात प्रत्येक शब्दाला अडू नका. अवघड शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत.

१. डोंगरातली गावं

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला न्यू मेक्सिको हे राज्य आहे. सांता फे ही त्याची राजधानी. तिथून उत्तरेला ताओस गावाकडे एक डोंगराळ रस्ता जातो. या रस्त्यावर चिमायो, कोर्दोवा, त्रुचास, लास त्राम्पास अशी छोटी छोटी गावं लागतात. त्रुचास समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा हजारेक मीटर जास्तच.

हा मुलूख पूर्वी स्पेनच्या राजाचा होता. १८२१ मध्ये तो मेक्सिकोकडे गेला आणि १८४८ मध्ये अमेरिकेकडे आला. पण या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून इथे प्वेब्लो लोक राहत होते, आणि आजही राहतात. मातीची घरं बांधण्यात ते तरबेज होते. स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्यांच्या गावांमध्ये चर्च उभारली, तेव्हा बांधकामाला प्वेब्लो लोकांनाच राबवलं. १६८० मध्ये त्यांनी मोठं बंड केलं. न्यू मेक्सिकोच्या चर्चविषयी बोलताना ही बाजू विसरून चालत नाही.

आपण ज्या चर्चविषयी वाचणार आहोत, ती बहुतेक पुढच्या काळातली आहेत. ती स्पॅनिश बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या गावांमधली आहेत. ही माणसं गरीब होती. मेक्सिको शहर तिथून सुमारे अडीच हजार किलोमीटर लांब. सामान घेऊन येणाऱ्या गाड्यांच्या तांड्याला कित्येक महिने लागायचे. घंटा, कापड, कागद, रंग, सगळंच दुर्मीळ. धर्मगुरूसुद्धा दुर्मीळ! काही गावांत पाद्री वर्षातून मोजक्याच वेळा यायचा.

मग देवाचं घर बांधायचं कसं? जे हाताशी आहे, त्यातूनच. माती, पाणी, गवताचं काड आणि डोंगरातली झाडं.

२. ऐंशी वर्षांचे आजोबा आणि वर्गणी

१७५१ मध्ये लास त्राम्पास गाव वसवण्यासाठी बारा कुटुंबांना जमीन मिळाली. १७६० च्या सुमारास त्यांनी चर्च बांधायला घेतलं. भिंती कच्च्या विटांच्या. माती आणि काड एकत्र कालवायचं, साच्यात घालायचं आणि उन्हात वाळवायचं. भट्टी नाही, चुना नाही. अशा विटांच्या चांगल्या जाड भिंती रचायच्या, वर लाकडाच्या तुळया टाकायच्या आणि छतावरही मातीच घालायची.

पण घंटा, कापड, खिळे मातीतून येत नाहीत. त्यासाठी पैसा लागतो. १७७६ मध्ये फ्रान्सिस्को आतानासिओ दोमिंगेस नावाचे धर्मगुरू या भागातल्या चर्चची पाहणी करायला आले. त्यांनी लिहून ठेवलं आहे, की हे चर्च वर्गणीतून उभं राहिलं आणि गावकऱ्यांनी त्यासाठी साऱ्या मुलखात फिरून पैसे मागितले. या कामात हुआन आर्ग्वेयो हे सगळ्यात पुढे होते. त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या वर होतं. गंमत म्हणजे आजोबांनी पाहणीला आलेल्या दोमिंगेस यांनाही सोडलं नाही. त्यांच्याकडेही वर्गणी मागितलीच!

१७७६ हे साल तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल. त्याच वर्षी फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. पुण्यात तेव्हा पेशवाई होती आणि सवाई माधवराव अजून लहान मूल होते. आणि लास त्राम्पासला एक म्हातारा माणूस झोळी घेऊन दारोदार फिरत होता. इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या दोन गोष्टी असतात. तिसरीमुळे उभं राहिलेलं चर्च मात्र अजून जागेवर आहे.

३. चित्रकार : सांतेरो

चर्च झालं. आत भिंती रिकाम्या. देवासमोर बसायचं तर समोर काहीतरी हवं ना?

युरोपातून किंवा मेक्सिकोतून मोठी तैलचित्रं मागवणं गावांना परवडत नव्हतं. म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक चित्रकार पुढे आले. स्पॅनिश भाषेत संताला आणि संताच्या मूर्तीलाही ‘सांतो’ म्हणतात. ती घडवणारा तो ‘सांतेरो’. लाकडी फळीवरच्या चित्राला ‘रेताब्लो’ म्हणतात आणि कोरीव मूर्तीला ‘बुल्तो’. वेदीच्या मागे अनेक चित्रं एकत्र बसवलेला, भिंतभर उंच फलक असतो. त्याला आपण या पाठात ‘वेदीफलक’ म्हणू.

एक रेताब्लो कसं तयार व्हायचं, ते पाहा.

पाइनच्या झाडाची फळी तासून सारखी करायची. जिप्समचा दगड भाजून दळायचा आणि जनावराच्या कातड्यापासून केलेल्या सरसात कालवायचा. हा पांढरा लेप फळीवर द्यायचा. लेप वाळला, की घासून गुळगुळीत करायचा. मग रंग. लाल रंग गेरूसारख्या मातीपासून. पिवळा काही मातीपासून, काही झाडाझुडपांपासून. काळा कोळशापासून. शेवटी पाइनच्या राळेचा चकचकीत हात फिरवायचा. मूर्तीसाठी कॉटनवुड झाडाची मुळं वापरत, कारण ती हलकी असतात आणि कोरायला सोपी जातात.

दोन रंग मात्र दुरून यायचे. एक किरमिजी, जो एका किड्यापासून करत. दुसरा निळा. या निळ्याला स्पॅनिशमध्ये ‘आन्यील’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘नील’ या शब्दात आहे. म्हणजे आपली ‘नीळ’ आणि त्रुचासच्या चित्रकाराची ‘आन्यील’ या लांबच्या बहिणीच झाल्या.

बहुतेक सांतेरो आपल्या चित्रावर नाव लिहीत नसत. तरी काही नावं आपल्याला माहीत आहेत. पेद्रो आंतोनिओ फ्रेस्किस हे न्यू मेक्सिकोतच जन्मलेल्या पहिल्या काही सांतेरोंपैकी एक. त्रुचासच्या चर्चमध्ये त्यांचं काम आहे. मोयेनो नावाच्या चित्रकाराने चिमायो आणि ताओसच्या परिसरात खूप काम केलं. होसे राफाएल आरागोन यांनी कोर्दोवाच्या चर्चचा वेदीफलक रंगवला. काही चित्रकारांची तर नावंच उरलेली नाहीत. लागुना गावाच्या चर्चमध्ये सुंदर काम करणारा एक चित्रकार आज फक्त ‘लागुनाचा सांतेरो’ म्हणून ओळखला जातो.

या चित्रांमध्ये युरोपातल्या चित्रांसारखी खोली नाही, सावल्या नाहीत. रेषा ठळक, डोळे मोठे, रंग सपाट. पण गावकऱ्यांना संत लगेच ओळखता यायचे. उदाहरणार्थ, सान इसिद्रो हा शेतकऱ्यांचा संत. त्याच्याजवळ बैलांची जोडी आणि नांगर असायचाच. मे महिन्यात त्याच्या सणाला गावकरी त्याची मूर्ती घेऊन शेतातून मिरवणूक काढतात. बैलपोळा पाहिलेल्या माणसाला हे काही फार परकं वाटणार नाही.

लोकांचं या मूर्तींशी अगदी घरगुती नातं होतं. नवस पुरा झाला नाही, तर मूर्तीचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवायची रीतही होती. आपल्याकडे इच्छा पुरी व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसतात, त्याची आठवण होते की नाही?

४. खर्च कुणी केला?

याची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर : श्रीमंत माणसाने. सांता फे शहरातल्या सान मिगेल चर्चचा वेदीफलक १७९८ चा आहे. आंतोनिओ होसे ओर्तिस या सधन माणसाने त्याचा खर्च केला. आपल्याकडे अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी देवळं आणि घाट बांधले. तशीच ही रीत, फक्त फार छोट्या प्रमाणात.

दुसरं उत्तर : एका कुटुंबाने. चिमायोचं प्रसिद्ध चर्च बर्नार्दो अबेयता यांनी पुढाकार घेऊन बांधलं. १८१३ मध्ये परवानगीसाठी अर्ज झाला आणि १८१६ पर्यंत बांधकाम पुरं झालं. ते अबेयता कुटुंबाच्या मालकीचं होतं, पण दर्शनाला सगळे यायचे. ताओसजवळच्या ताल्पा गावात बर्नार्दो दुरान यांनी १८२८ मध्ये असंच एक छोटं प्रार्थनाघर बांधलं. त्याच्या वेदीफलकावर ते साल आणि दुरान यांचं नाव रंगवलेलं आहे. देवळातली संगमरवरी पाटी आठवली ना?

तिसरं उत्तर : सगळ्या गावाने. लास त्राम्पाससारख्या गावांत कुणी एक दाता नव्हता. त्या काळी तिथे रोख पैसा फारच कमी होता. माणसं धान्य, मेंढ्या, कापड देऊन व्यवहार करत. ज्याच्याकडे तेही नाही, तो आपले हात द्यायचा. कुणी विटा पाडल्या, कुणी डोंगरातून तुळया ओढून आणल्या. या लोकांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत.

५. चावी कुणाकडे?

पाद्री क्वचित येणार, मग चर्च रोज सांभाळणार कोण? यासाठी गावात ‘मायोर्दोमो’ असतात. हे बहुधा एक जोडपं असतं आणि ठरावीक काळाने ही जबाबदारी दुसऱ्या घराकडे जाते. त्यांच्याकडे चर्चची चावी असते. झाडलोट करणं, मेणबत्त्या लावणं, मूर्तींचे कपडे बदलणं, सणाची तयारी करणं ही त्यांची कामं. तो मान असतो आणि कामही असतं. आपल्या गावातल्या जत्रेचे मानकरी आठवा.

भिंतींचं काम मात्र सगळ्यांचं. मातीची भिंत पावसाने आणि बर्फाने झिजते. तिला पुन्हा पुन्हा ओला हात लागतो. न्यू मेक्सिकोत हे लिंपण्याचं काम परंपरेने बायका करत आल्या. त्यांना स्पॅनिशमध्ये ‘एन्हार्रादोरा’ म्हणतात. माती चाळायची, काड घालून कालवायची आणि तळहाताने भिंतीवर पसरायची. तुमच्या पणजीला हे काम नवीन वाटलं नसतं. शेणाने अंगण सारवणाऱ्या आणि मातीने कूड लिंपणाऱ्या बायका महाराष्ट्रातल्या प्रत्येक खेड्यात होत्या.

६. बदलाचे वारे

१८५१ मध्ये सांता फेला जाँ-बातिस्त लामी हे नवे बिशप आले. ते फ्रेंच होते. त्यांना आणि त्यांच्या धर्मगुरूंना युरोपी पद्धतीची कला आवडायची. मातीची चर्च आणि रंगवलेले सांतो त्यांना ओबडधोबड वाटायचे. १८८० मध्ये सांता फेपर्यंत रेल्वे पोचली. आता छापील चित्रं आणि प्लास्टरच्या तयार मूर्ती स्वस्तात मिळू लागल्या. गावकऱ्यांनाही त्या आवडल्या. नवीन, गुळगुळीत, चमकणारी वस्तू कुणाला आवडत नाही? जुने रेताब्लो अडगळीत गेले.

पण कारागीर काही थांबले नाहीत. अमेरिकी सैन्य आणि व्यापारी यांच्याबरोबर पत्र्याचे डबे आले. रिकामे डबे कापून, ठोकून, नक्षी पाडून स्थानिक कारागिरांनी त्या छापील चित्रांसाठी सुंदर चौकटी केल्या. अशा काही जुन्या चौकटींवर डब्यावरची मूळ अक्षरं आजही दिसतात.

पुढे विसाव्या शतकात शहरातल्या लेखकांना आणि चित्रकारांना या जुन्या कलेची गोडी लागली. १९२५ मध्ये मेरी ऑस्टिन आणि फ्रँक ॲपलगेट यांनी स्पॅनिश वसाहतकालीन कलेसाठी एक संस्था काढली. १९२६ पासून सांता फेमध्ये स्पॅनिश कलेचा बाजार भरू लागला. कोर्दोवाचे होसे दोलोरेस लोपेस रंग न देता लाकडात संत कोरायचे. त्यांच्या कुटुंबातल्या पुढच्या पिढ्यांनीही ते काम चालू ठेवलं.

७. देव विकायला निघाले तेव्हा

कलेला भाव आला, की तिला गिऱ्हाईकही येतं. १९२९ च्या सुमारास चिमायोच्या चर्चचे मालक, म्हणजे अबेयतांचे वंशज, पैशांच्या अडचणीत होते. चर्चमधल्या वस्तू एकेक करून विकल्या जाऊ लागल्या. मेरी ऑस्टिन यांनी धडपड करून एक दाता मिळवला. त्याने सहा हजार डॉलर दिले आणि आपलं नाव कुठेही येऊ नये, अशी अट घातली. त्या पैशातून सगळं चर्च विकत घेतलं आणि ते कॅथलिक धर्मसंस्थेच्या हवाली केलं. म्हणून मोयेनो आणि आरागोन यांचं काम आजही चिमायोच्या भिंतींवर आहे. आजही गुड फ्रायडेला हजारो माणसं मैलोन्‌मैल चालत तिथे येतात. एका लहान खोलीतल्या खड्ड्यातली चिमूटभर माती ते अंगाऱ्यासारखी श्रद्धेने घेऊन जातात. आपल्या वारीची आठवण व्हावी, असंच ते दृश्य असतं.

ताल्पाचं काय झालं? दुरान यांच्या प्रार्थनाघरातला तो वेदीफलक आज गावात नाही. तो शेजारच्या राज्यात, कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या कलासंग्रहालयात आहे. तिथे त्याला ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, चोरीची भीती नाही. अभ्यासक त्याच्याजवळ जाऊन तो नीट पाहू शकतात. पण त्याच्यापुढे मेणबत्ती कुणी लावत नाही.

एक फलक गावात राहिला, एक वाचला पण गावातून गेला. यातलं बरोबर काय? याचं उत्तर सोपं नाही. चोऱ्यांच्या भीतीने आज अनेक गावांत चर्चला कुलूप असतं. मूर्तींच्या चोऱ्या महाराष्ट्रातल्या देवळांतही होतात. म्हणून ‘देव गावातच असावा’ असं म्हणताना, त्याची राखण कोण करणार, हेही सांगावं लागतं.

८. सिमेंटचा धडा

ताओसजवळ रांचोस दे ताओस नावाचं गाव आहे. तिथलं सान फ्रान्सिस्को दे आसीस चर्च जगप्रसिद्ध आहे. जॉर्जिया ओकीफ यांनी त्याची चित्रं काढली, अॅन्सल ॲडम्स यांनी छायाचित्रं घेतली. दोघांनाही चर्चच्या मागच्या बाजूच्या मातीच्या गोलसर, जाडजूड भिंतींनी भुरळ घातली.

पण या भिंती दरवर्षी लिंपायच्या म्हणजे कष्ट. १९६७ मध्ये ठरलं, की एकदाच सिमेंटचा पक्का गिलावा करून टाकायचा, म्हणजे कटकट मिटली. विचार चुकीचा वाटत नव्हता. सिमेंट मजबूत असतं, हे कुणालाही माहीत आहे.

झालं भलतंच. मातीच्या भिंतीत ओल शिरते आणि उन्हात ती बाहेरही पडते. भिंत जणू श्वास घेते. सिमेंटला बारीक भेगा पडल्या. त्यांतून पाणी आत गेलं, पण त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. वरून भिंत ठणठणीत दिसत होती आणि आतल्या विटांचा चिखल होत होता. शेवटी १९७९ मध्ये तो गिलावा काढून टाकला आणि गाव पुन्हा मातीकडे वळलं. तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला माणसं जमतात. म्हातारे, तरुण, पोरंसोरं, सगळ्यांचे हात चिखलात. ज्यांना येतं, ते बाकीच्यांना शिकवतात.

आपल्याकडेही असं घडतं. जुन्या दगडी देवळाला गावकरी प्रेमाने ऑइल पेंट फासतात. हेतू चांगलाच असतो. पण रंगाखाली कोरीव काम बुजतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. सिमेंटचं चर्च टिकलं असतं, तर दरवर्षी जमायचं कारणच उरलं नसतं. मातीची भिंत कमकुवत असते, म्हणून तिला माणसं लागतात. आणि दरवर्षी ती माणसं एकमेकांनाही भेटतात. अर्थात, याचा उलटा अर्थही खरा आहे. तरुण मुलं कामासाठी शहरात गेली आणि गावात चारच म्हातारी माणसं उरली, तर भिंत लिंपणार कोण? न्यू मेक्सिकोतल्या अनेक खेड्यांपुढे आज हाच प्रश्न आहे. १९८६ पासून कॉर्नरस्टोन्स ही संस्था अशा गावांना मदत करते. ती फक्त ठेकेदार पाठवून मोकळी होत नाही. गावकऱ्यांनाच सोबत घेऊन, जुनी पद्धत पुन्हा शिकवत दुरुस्ती करते.

९. आता तुमच्याकडे

तुम्ही परदेशात वाढलात. तुमच्या शहरातलं देऊळ किंवा महाराष्ट्र मंडळ कसं चालतं, हे तुम्ही पाहिलं आहे. गणपतीचं मखर कुणीतरी रात्र जागून करतं. सतरंज्या कुणीतरी घालतं आणि कुणीतरी गुंडाळतं. शंभर जणांचा स्वयंपाक कुणीतरी करतं. हॉलची चावी कुणाकडे तरी असते. हीच तुमची ‘मातीची भिंत’. तुम्ही जी मराठी आत्ता वाचता आहात, तिचंही तसंच आहे. एकदा सिमेंट लावून ती टिकत नाही. तिला दरवर्षी ओला हात लागतो.

शब्दार्थ

वर्गणी – एखाद्या कामासाठी अनेकांनी थोडे थोडे दिलेले पैसे
तुळई – छताला आधार देणारं लांब, जाड लाकूड
गवताचं काड – धान्याची किंवा गवताची वाळलेली काडी
लिंपणे – भिंतीवर मातीचा थर देणे
सारवणे – जमिनीवर शेण किंवा माती यांचा पातळ थर देणे
कूड – काटक्या आणि माती यांची पातळ भिंत
गिलावा – भिंतीवरचा चुन्याचा किंवा सिमेंटचा थर
सरस – जनावराच्या कातड्यापासून किंवा हाडांपासून केलेला डिंक
राळ – झाडाचा चिकट, सुगंधी चीक
वेदी – चर्चमधली पूजेची मुख्य जागा
मानकरी – उत्सवात ज्याला खास मान आणि काम असतं तो
अंगारा – देवापुढची पवित्र राख

वाक्प्रचार

देव पाण्यात घालून बसणे – एखादी गोष्ट घडावी म्हणून अगदी उत्कटतेने वाट पाहणे
अडगळीत जाणे – वापरातून जाणे, दुर्लक्षित होणे
भुरळ घालणे – मोहून टाकणे
हवाली करणे – दुसऱ्याच्या ताब्यात देणे

यांपैकी कोणतेही दोन वापरून स्वतःची वाक्यं लिहा. उदाहरण : माझ्या भावाचा निकाल लागेपर्यंत आजी देव पाण्यात घालून बसली होती.

भाषेची गंमत

अ) महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि गोव्यात पोर्तुगीज आले, न्यू मेक्सिकोत स्पॅनिश आले. या दोन भाषा सख्ख्या बहिणी. म्हणून पोर्तुगीजमधून मराठीत आलेले काही शब्द तुमच्या स्पॅनिश शिकणाऱ्या मित्राला ओळखीचे वाटतील. ‘पाद्री’ म्हणजे त्यांचा ‘पाद्रे’. वसईतलं आणि गोव्यातलं ‘फेस्त’ म्हणजे त्यांची ‘फिएस्ता’. आपला ‘पगार’, आणि त्यांचं ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. मायोर्दोमोच्या हातातली ‘चावी’ स्पॅनिशमध्ये ‘यावे’ होते. दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिन भाषेत आहे.

आ) या पाठात ‘बांधलं’, ‘रंगवलं’, ‘होतं’ अशी रूपं आहेत. ही बोलण्यातली रूपं आहेत. वर्तमानपत्रात आणि जुन्या पुस्तकांत तुम्हाला ‘बांधले’, ‘रंगवले’, ‘होते’ असं दिसेल. अर्थ तोच. भाग २ मधला पहिला परिच्छेद मोठ्याने वाचा आणि मग लेखी रूपांत लिहून काढा. ‘ठेवलं’चं काय होईल? आणि ‘चर्च बांधायला घेतलं’चं?

प्रश्न

१. लास त्राम्पासच्या चर्चसाठी पैसे कसे जमले? दोन-तीन वाक्यांत सांगा.
२. रेताब्लो करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा.
३. चूक की बरोबर?
 – चिमायोचं चर्च सुरुवातीपासून धर्मसंस्थेच्या मालकीचं होतं.
 – निळा रंग गावातच तयार व्हायचा.
 – रांचोस दे ताओसच्या भिंतींवरचं सिमेंट १९७९ मध्ये काढलं.
४. सिमेंटमुळे मातीच्या भिंतीचं नुकसान का झालं? तुमच्या शब्दांत समजावून सांगा.
५. वर्गात दोन गट करा. एका गटाने म्हणायचं : ‘ताल्पाचा वेदीफलक गावात परत न्यावा.’ दुसऱ्याने म्हणायचं : ‘तो संग्रहालयातच असावा.’ प्रत्येकाने निदान एक कारण मराठीतून सांगायचं. नंतर गट बदला आणि उलट बाजू मांडा.

घरी करा

आजीला किंवा आजोबांना फोन करा आणि विचारा : ‘आजी, आपल्या गावातलं देऊळ कुणी बांधलं? त्याची डागडुजी कोण करतं? तुम्ही कधी भिंत लिंपली आहे का?’ त्या जे सांगतील, ते आठ-दहा वाक्यांत लिहून आणा. त्यांनी वापरलेला एक तरी नवा शब्द त्यात हवा. गावाकडे कुणी असेल, तर देवळातल्या पाटीचा फोटो मागवा आणि तिच्यावरचं सगळ्यात जुनं साल शोधा.